रिकाम्या खाटेवरचा ‘एक’

दवाखान्याच्या सात नंबरच्या खोलीबाहेर हात जोडलेल्यांची ही झुंबड! आत खाट रिकामी, यंत्रं कधीच काढून नेलेली, आणि भिंतीवरचा पडदा मात्र ठासून सांगत होता, ‘जोडलेले : १’.

“आत्म्याचं कनेक्शन आहे, सिग्नल फुल्ल!” तारवाले महाराज डोळे मिटून गरजले. पूर्वी ते घरोघरी केबल जोडायचे. आता थेट वरची लाइन मिळाली होती. “बाईंनी खोली सोडली की तार तुटलीच म्हणून समजा.”

म्हणून आई त्या खाटेपासून हलत नव्हती. तिथेच बाबा गेले, आणि तेव्हापासून तिने स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन बजावलं होतं, आता उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही.

लेकीला धड रडूही येत नव्हतं. आतून सगळं बधिर. पण प्रोग्रॅम लिहिणं हे तिचं रोजचं काम, म्हणून ती दवाखान्याच्या तंत्रज्ञाकडे गेली. “सात नंबरचा कोड दाखवता?”

कोडमधल्या एका कंसात खोलीतल्या यंत्रांची नावं, मध्ये स्वल्पविराम. बाबा गेल्यावर त्याने नावं पुसली होती. कंस कोरा.

“हा मोजतो कसा?”

“स्वल्पविराम मोजतो आणि एक मिळवतो. एक स्वल्पविराम, दोन यंत्रं.”

“आणि कंसात काहीच नसेल तर?”

तंत्रज्ञाने जीभ चावली. “शून्य अधिक एक. अरे देवा! कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर कोरा कंस ओळखतो हो, आम्ही तपासलं त्यावरच. इथं जुनाच चाललाय.”

“औषधांच्या कोठीचा कंस कोरा करा जरा.”

कोठीच्या पडद्यावर उमटलं, ‘जोडलेले : १’. महाराजांसकट सगळी झुंबड तिकडे लोटली.

“इथं कोण वारलं हो महाराज?” कोणीतरी विचारलं.

“एखादा... भटका आत्मा...”

“गोळ्या न्यायला आला असेल!” नर्सबाई म्हणाल्या. हशा पिकला. महाराजांना एकाएकी फोन आला आणि ते जिन्याकडे सटकले.

“हसू नका,” लेक गर्दीला सपाट आवाजात म्हणाली. “मघाशी तुम्हीही हात जोडले होते. आकडा दिसला की आधी विचारा, मोजला कुणी आणि कसा. एवढंच करा.”

दुरुस्ती झाली. सात नंबरच्या पडद्यावर ‘०’ आला. आईने लेकीकडे वळून विचारलं,

“म्हणजे हे इथं नाहीत?”

“नाहीत गं आई.”

“कधीपासून?”

“गेले तेव्हापासून.”

आईने खाटेची चादर सारखी केली, गुडघ्यांवर हात टेकून उठली. “चल. डॉक्टरांना सांग, मी तयार आहे.”