अक्रोड वेचून झाल्यावर

माझी बायको निवेस फेब्रुवारीत गेली. एकेचाळीस वर्षं संसार झाला. द्राक्षबागेतली एकच गोष्ट ती मला दरवर्षी सांगायची आणि मी ऐकायचो नाही.

ओढ्याकडेच्या चार ओळी माझ्या वडिलांनी बाकीच्या बागेसारख्याच कॅबर्ने जातीच्या द्राक्षाच्या म्हणून लावल्या. सप्टेंबरात आम्ही सगळी बाग एकदम तोडायचो. त्या ओळींची वाइन कच्च्या ढोबळी मिरचीसारखी लागायची. निवेस म्हणायची, या वेली वेगळ्या आहेत, ओढ्याकाठचे माझे अक्रोड वेचून झाल्याशिवाय यांना हात लावू नकोस. मी हसायचो. तुला वेली कानात येऊन सांगतात का, म्हणायचो.

एप्रिलमध्ये मेलेल्या वेलींच्या जागी नवी रोपं लावायला रोपवाटिकेतली मुलगी आली. तिने कोवळं पान उलटं करून पाहिलं. पाठीमागून लालसर होतं. ती म्हणाली, हे कॅबर्ने नव्हे, कार्मेनेर. इथे कित्येकांनी चुकून हेच लावलंय. दोन-तीन आठवडे उशिरा पिकतं. मी मान हलवली. ती गेल्यावर त्या चार ओळींतलं एकेक पान उलटं करून पाहिलं.

सप्टेंबरात त्या चार ओळी मी न तोडता ठेवल्या. शेजारच्या आंपेलिओची आणि माझी तोडणी एकत्रच असते. तो चिडला. पाऊस येणार, सगळं कुजणार, म्हणाला.

"बायको गेली, आता तिच्या शब्दासाठी पीक घालवतोस, ओत्तोरिनो?"

"होती तेव्हा ऐकलं नाही ना," मी म्हणालो.

पाऊस आला, तीन दिवस. नंतर रोज सकाळी मी ओळीओळीने फिरून कुजके मणी काढले. घडांचा एक हिस्सा गेलाच. ऑक्टोबरच्या मध्यावर ओढ्याकाठचं अक्रोडाचं झाड रिकामं झालं. तिचीच टोपली घेऊन मी अक्रोड वेचले. दोन सकाळी गेल्या. मग एक मणी तोंडात टाकून बी चावली. कडू नव्हती, कुरकुरीत होती; द्राक्षं पिकली होती.

तोडायला निवेसची बहीण दिर्चे आली. दिवसभर माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "तुला वाकायला लावायचं म्हणून माझ्या बहिणीला मरावं लागलं."

मी म्हणालो, हो. मग आम्ही दोघंही हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणाला, नवी वाइन काढली. आंपेलिओ आला. अजून कोवळीच होती, पण मिरचीचा वास नव्हता. पिकलेल्या काळ्या आलुबुखारासारखी लागत होती. त्याने पेला संपवला, पुन्हा पुढे केला. माझ्याही तशाच दोन ओळी आहेत, म्हणाला. कुठल्या तारखेला तोडलंस?

मी निवेसचे अक्रोड फोडून त्याच्यापुढे ठेवले.

"तारीख नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी टोपली घेऊन ये. आधी हे वेचायचे."