मेलेला सेल

चाळीस वर्षांत आपल्या टेबलावरून एक स्क्रूही हरवला नाही, हे घड्याळजींनी ऐकवलं नाही असं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घड्याळातून काढलेला जुना सेल ते चिकटपट्टीने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर डकवून ठेवत. खरंच बदलला, याचा पुरावा.

त्या दुपारी सून दीड वर्षाच्या ठमीला कडेवर घेऊन त्यांच्या कामाच्या खोलीत आली.

"बाबा, हिचं काहीतरी बिनसलंय. सारखी लाळ गळतेय. दूध घेते आणि तसंच बाहेर काढते."

"दाढा येत असतील."

"दाढा कधीच आल्या. ताप नाही, सर्दी नाही, पण गिळताना तोंड वाकडं करते. सकाळी इथंच होती ना?"

"माझ्या वस्तूंना ती हात लावत नाही. केळ्याचा घास दे, काही अडकलं असेल तर सरकेल खाली."

"मी काही देणार नाही. आधी तुमच्या चिठ्ठ्या बघा."

घड्याळजींनी कुरकुरत गठ्ठा उलगडला. चौथ्या चिठ्ठीची चिकटपट्टी अर्धी सुटलेली. तिच्यावर सेलचा गोल ठसा होता, सेल नव्हता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तरी जीभ अब्रू सांभाळायला धावलीच. "मेलेला होता गं तो. त्याच्यात काय जीव असणार?"

सून ठमीला घेऊन दाराकडे वळली. तिने चपला घातल्या; घड्याळजी मागोमाग निघाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. अन्ननलिकेत गोल चकती, कडेला दुहेरी रेघ. "नाणं असतं तर ही आतली रेघ दिसली नसती. काय गिळलंय, कधी?"

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. सांगायला घड्याळजींनीच हवं होतं.

"घड्याळाचा सेल. माझ्याच टेबलावरचा. अकराच्या सुमारास ती माझ्या पायाशी खेळत होती. पण मेलेला..."

"घड्याळापुरता मेला असेल, आजोबा. घसा जाळायला तेवढा पुरतो." आणि डॉक्टरीणबाई ठमीला घेऊन आत गेल्याही.

दुर्बीण घालून सेल काढला. वरवर भाजलं होतं, भोक पडलं नव्हतं. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि काय ते नेमकं सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी ठमीला पहिलं चमचाभर पाणी दिलं. नुकतं सुरू केलेलं घड्याळ चालतंय का, हे बघावं तसे आजोबा तिच्या गळ्यावर वाकले. पाणी सरळ खाली गेलं. तोंड वाकडं झालं नाही. ठमीने चमचाच ओढून घेतला.

"बाबा," सून म्हणाली, "आता तुम्हीही गिळा काहीतरी. तासभर चहा हातात धरलाय."

थंडगार चहा त्यांनी एका दमात संपवला.