विश्रामचं उष्टं

कल्याणच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला हातोहात फिरायचा. चांदीचा नव्हे हो, जर्मन सिल्व्हरचा, एका बाजूनं चेपलेला. पण त्याचा तोरा काय विचारता! ज्यांच्या आज्यापणज्यांनी एकमेकांच्या सावलीचा विटाळ धरला असता, ती माणसं इथं रविवारच्या उपासनेत एकमेकांचं उष्टं पीत होती. आणि हे पाहुण्याला सांगितल्याशिवाय मंडळीतल्या कुणाला चैन पडायचं नाही. प्रमोदिनीबाईंना तर नाहीच नाही. त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि प्याल्यासाठी मनुका उकळून रस गाळायचं काम त्यांच्याकडे असायचं. दारूबंदीच्या दिवसांत द्राक्षारस म्हणून दुसरं आणणार तरी काय?

अशात विश्रामला क्षय झाला.

विश्राम रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटरच्या हाताखाली होता. उपासनेत ढोलकी त्याची. बाप शीळफाट्याजवळच्या खेड्यातला, गावकुसाबाहेरचा. विहिरीवर कुणी वरून ओतलं तर ओंजळीत पाणी, नाहीतर उन्हात उभं राहायचं. त्या बापानं प्रभूला धरलं ते या प्याल्यापायी, असं विश्राम साक्ष द्यायला उभा राहिला की हटकून सांगायचा. आता साक्ष राहिली बाजूला. खोकल्याची उबळ आली की ढोलकी थांबायची, आणि तोंडाला लावलेला रुमाल तो घाईघाईनं खिशात कोंबायचा.

मंडळी तोंडानं काय बोलणार? पण विश्रामच्या मागची बाकं रिकामी पडायला लागली. कुणी प्याल्याची कड हळूच पदरानं पुसायचं, कुणाचं नेमकं त्याच सकाळी पोट बिघडायचं. ठमाबाईला तर प्रभुभोजनाच्या रविवारीच डोंबिवलीच्या लेकीची आठवण येऊ लागली. पाळकसाहेब म्हातारे, मोतीबिंदूनं डोळे गेल्यातच जमा. त्यांना कुणी आडून सुचवलं, तर ते काठी आपटून म्हणाले, "प्याले दोन झाले तर मंडळ्या दोन होतील. मी असेतोवर ते होणार नाही." झालं! विषय संपला.

प्रमोदिनीबाईंची भीती मात्र उसनी नव्हती. त्यांची धाकटी बहीण शुभदा याच दुखण्यानं नौपाड्याच्या माहेरघरी वारली होती, आणि तिच्या तोंडापुढं भांडं धरायला बाईच होत्या. त्या भांड्यात काय असायचं ते त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आता घरात लेक चित्रा होती. नुसती सर्दी झाली तरी पोरीच्या छातीत घरघर सुरू व्हायची. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तर स्पष्टच बजावलं होतं, की क्षयाच्या माणसाचं भांडं त्याच्यापुरतंच ठेवा.

"बाई, तुम्हीच सांगा त्याला," ठमाबाई म्हणाली. "तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही."

बाई गेल्या. तशा त्या दर आठवड्याला जायच्याच, अंडी घेऊन, कधी सूप घेऊन. साऱ्या मंडळीत विश्रामचा उंबरा ओलांडणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही सांगायला हवं. बाई दाराशी बसल्या. त्यांना बघून विश्राम हरखून गेला.

"बाई, ह्या रविवारी मी येतोच बघा. जयाला सांगितलंय, खांद्यावर टाकून ने, पण ने."

जया, त्याची बायको, चुलीपाशी मान खाली घालून बसली होती.

"कशाला दगदग, विश्रामभाऊ?" बाई म्हणाल्या. "पाळकसाहेब घरी येऊन देतील की."

"घरी? एकट्याला?" विश्राम हसला. "अहो बाई, एकट्यानं प्यायचं तर औषध हाय की बाटलीत!" हसता हसता त्याला अशी उबळ आली की जयानं धावत येऊन त्याला धरलं.

बाईंना सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून त्यांनी न सांगता केलं. रविवारी पिशवीतून काचेची लहानशी वाटी नेली आणि प्याला फिरवणाऱ्या आपल्या नवऱ्याच्या हातात ठेवली.

"अहो, विश्रामला यातून द्या."

आनंदराव चपापले. "आणि पाळकसाहेब?"

"त्यांना दिसतंय कुठं!"

विश्रामपुढं वाटी आली. प्याला त्याला चुकवून मागच्या बाकावर गेला, तो त्यानं मान वळवून पाहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. रसानं भरलेली वाटी त्यानं बाकावर ठेवली आणि शेवटच्या आमेनपर्यंत गुडघ्यांकडे बघत बसून राहिला. बायकांच्या बाजूला जयाच्या हातात प्याला आला. तिनं तो तोंडाला न लावताच पुढं दिला. बाकीची मंडळी मात्र त्या दिवशी कशी निवांत प्यायली! ठमाबाईनं तर घोट असा घेतला की जणू उन्हातून आली होती.

त्यानंतर विश्राम चर्चमध्ये आला नाही.

यात बाईंचं चुकलं काय, सांगा ना! डॉक्टर तेच म्हणत होते. बाईही स्वतःला दिवसातून दहादा तेच सांगायच्या. पण रात्रीच्या प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द फुटायचा नाही. अंडी घेऊन जायला निघायच्या आणि कोपऱ्यावरून परत यायच्या. मग एके दिवशी कळलं, की डॉक्टरांनी विश्रामची आशा सोडली. त्या तशाच पाळकसाहेबांकडे गेल्या, वाटीचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या आणि रडत म्हणाल्या, "तोच प्याला घेऊन चला. मी त्याच्यामागून पिणार आहे."

आपल्या हातानं त्यांनी मनुका उकळल्या. उकळताना त्यांना खूप हलकं वाटलं. देवानं आपल्याला माफ केलं, असं त्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं.

दुपारची वेळ होती. विश्रामच्या अंगावर हाडं तेवढी उरली होती. बाई त्याच्या उशाशी बसल्या, अगदी जवळ. पदर नाकाला लावला नाही.

"विश्रामभाऊ, माझं चुकलं. आज मी तुमच्यामागून घेते."

विश्रामचे डोळे भरून आले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि चाचपडत प्याला पुढं केला. जयानं नवऱ्याची मान उचलली. त्यानं ओठ बुडवले, जेमतेम एक थेंब आत गेला असेल, आणि तो प्याल्यातच खोकला. मग प्याला बाईंच्या हातात आला.

कडेला बारीकशी लाल रेघ होती. ओली. बाईंना ते नौपाड्याचं भांडं दिसलं. मग चित्रा दिसली. प्रभू, मला बळ दे, त्या मनात ओरडल्या. प्याला वर गेला, ओठांना टेकला. ओठ मात्र उघडले नाहीत. काही केल्या उघडले नाहीत. विश्राम टक लावून बघत होता. बाईंनी गळ्यातल्या गळ्यात घोट गिळल्यासारखं केलं आणि प्याला खाली घेतला.

"जया, बघितलंस?" विश्राम पुटपुटला. "बाई प्यायल्या. माझ्यामागून प्यायल्या." डोळ्यांतलं पाणी त्याच्या कानापर्यंत ओघळलं.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

जयानं प्याला घेतला. रस होता तेवढाच होता. तिनं आत पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात अर्धवट उचलला गेला. नको गं, टाकून दे ते, असं त्यांना ओरडायचं होतं. पण ओरडल्या असत्या तर विश्रामला कळलं असतं. त्यांनी हात खाली घेतला. जयानं प्याला तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला, शेवटच्या थेंबापर्यंत.

विश्रामचा डोळा लागला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. जया बाईंना पोचवायला दारापर्यंत आली आणि रिकामा प्याला तिनं त्यांच्या हातात दिला.

"जया, मी—" बाई बोलायला गेल्या.

"ते आता सुखानं जातील," जया हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही त्यांना काही सांगू नका."