ओंडका आवाराबाहेर जाणार नाही

मिलवॉकीत नदीकाठी ती काचेची इमारत उभी राहिली, तेव्हा मागच्या पाणथळ कोपऱ्यातली काळ्या अ‍ॅशची तीन झाडं तेवढी वाचली. त्यातलं एक आता हिरव्या भुंग्याने पोखरलं होतं. ते पाडणार असल्याचं कळताच अर्लीन केशिकने ओंडका मागायला एकामागून एक तीन पत्रं धाडली. वय बाहत्तर, हयात टोपल्या विणण्यात गेलेली. आणि तिच्या पोटावाटोमी या मूळनिवासी अमेरिकन जमातीच्या टोपलीला याच झाडाच्या पट्ट्या लागतात.

सोमवारी भाची टेसला घेऊन ती पोहोचली, तेव्हा झाड आडवं झालं होतं. इमारतीचा व्यवस्थापक लेफ्लर फाटकाशीच उभा होता.

"बाई, पत्रं मिळाली. बघायचं तर या, बघा. पण ओंडका आवाराबाहेर जाणार नाही, कीड पसरते. दुपारी यंत्र येईल, भुसा करतील."

"आवाराबाहेर अजिबात नाही?"

"इंचभरही नाही."

"बरं झालं, माझी पाठ वाचली. टेस, गाडीतून कुऱ्हाड आण गं."

"मावशी, इथे?"

"मग कुठे? तो इंचभर हलवू नका म्हणतोय ना!"

दोघींनी साल सोलली. भुंगा सालीखालीच राहतो. आतलं लाकूड स्वच्छ, ओलं होतं. मग अर्लीनने कुऱ्हाड उलटी धरली आणि तिच्या बोथट माथ्याने ओंडका ठोकायला घेतला. धप्, धप्, धप्. बोटभरही जागा सोडायची नाही. तेव्हा कुठे वर्षावर्षाचा थर सुटून लांब पट्टी निघते.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने खिडकी उघडली. "बंद करा ती कटकट! लोक घरून काम करतात!"

"मीही कामच करतेय!" अर्लीन मान वर न करता ओरडली.

तासाभरात पोलीसबाई आली. लेफ्लरने तोंड उघडायच्या आत अर्लीनने भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बोट केलं. "वाच, पोरी."

पोलीसबाईने वाचलं, "इथे पूर्वी पोटावाटोमींचं गाव होतं."

"गावात काय मुके राहत होते? हाच आवाज होता इथे. पाटी हवी, आवाज नको, असं कसं चालेल?"

पोलीसबाईने लेफ्लरला विचारलं, "यांना आत कुणी घेतलं?"

"मीच. पण बघायला..."

"दिवसाढवळ्या लाकूड ठोकायला बंदी नाही. यांना बाहेर काढायचं असेल तर तुम्ही तसं लेखी द्या, मी पुढचं बघते."

वर पाच-सहा खिडक्यांतून लोक फोनवर चित्रण करत होते. लेफ्लरने त्या पाटीकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं आणि पेन खिशात घातलं.

दुपारी भुशाचं यंत्र आलं. अर्लीन उठून सरळ ओंडक्यावर जाऊन बसली. हाताला फोड आले होते. तिने ते टेसलाही दिसू दिले नाहीत.

"फांद्या ने, साल ने," ती चालकाला म्हणाली. "हा नाही."

त्याने हातातला कागद पाहिला. "यात झाड लिहिलंय. झाडावर बाई आहे असं लिहिलेलं नाही." फांद्या आणि साल भरून तो निघून गेला.

चार दिवस त्या रोज आल्या. दुसऱ्या दिवशी लेफ्लरने फाटक बंद ठेवलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाईने खाली येऊन उघडलं. "एकदाचं संपवा म्हणजे झालं," एवढंच ती फणकाऱ्याने म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी पट्ट्यांची वेटोळी खांद्यावर टाकून अर्लीन मागच्या वाटेने गेली नाही. इमारतीच्या चकचकीत दालनातून, ओल्या बुटांनी, मधोमध चालत निघाली. लेफ्लर आडवा आला.

"लाकूड आवाराबाहेर नाही, ठरलं होतं."

"ओंडका नाही, असं ठरलं होतं. उरलेला गाभा तिथेच पडलाय. सांभाळा." ती पुढे झाली, दारात थांबली. "अजून दोन झाडं आहेत तुमच्याकडे. त्यांना भुंगा लागला की कळवा. आणि नाही कळवलंत, तरी येणारच आहे मी."