मोहाखालचा कॅमेरा

डोमा मोहाच्या खोडाला कॅमेरा बांधत होता आणि पंचफुला खाली उभी राहून नवऱ्याची अक्कल काढत होती. आंधळगावात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या पुतण्यानं, अश्वजितनं, तो आणून दिला होता. सोबत उन्हावर चालणारी सोलरची पाटी, आत सिमकार्ड. पायवाटेवर काही हललं की फोटो थेट डोमाच्या मोबाइलवर. पाटी उंच बांधा, असं अश्वजित बजावून गेला होता. पण पुसायला हात पोचला पाहिजे म्हणून डोमानं ती छातीएवढ्या उंचीवर बांधली आणि स्वतःवरच खूश झाला.

हौसेचं काम नव्हतं हे. मागच्या हंगामात शेजारच्या वस्तीतली शकुनबाई वाकून मोहफुलं वेचत असताना वाघानं नेली. वाकलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं म्हणे. तेव्हापासून पंचफुला सकाळी टोपली घेऊन निघाली की डोमा ती नजरेआड होईपर्यंत दारात उभा राहायचा. गुडघा धरल्यानं त्याला वेचायला वाकता येत नव्हतं आणि सासऱ्यानं लेकरासारखा जपलेला मोह सोडायला ती तयार नव्हती.

मग ठरलं. उजाडताच डोमानं मोबाइल बघायचा. वाघ दिसला नाही तरच तिनं निघायचं. फोटोत रानडुकरं आली, सांबर आलं आणि रोज पंचफुलाही आली, डोक्यावर टोपली, तोंड वाकडं.

"तुयापेक्षा डुक्कर बरा दिसते," डोमा म्हणायचा. ती चूल फुंकता फुंकता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

फुलं दाट पडू लागली, तसा डोमानं दरसालासारखा मोहाखालचा पाचोळा पेटवला. भुई साफ झाली की पिवळी फुलं नजरेत भरतात. बुडाशी हिरवं झुडूप होतं, तेही पेटलं आणि बराच वेळ धुमसत राहिलं.

त्यानंतर मोबाइल गप्प झाला. डोमाला हायसं वाटलं. काहीच आलं नाही, बिनधास्त जा, असं तो रोज सांगायचा आणि ती जायची.

त्या सकाळी शेजारचे भैय्याजी चहाला आले आणि वहिनीचा आजचा फोटो दाखव म्हणाले. डोमानं हसतच मोबाइल उघडला. आजचा फोटो नव्हता. कालचाही नव्हता. पाचोळा जाळल्यापासून पंचफुलाचा एकही फोटो आला नव्हता, आणि ती तर रोज त्याच वाटेनं जात होती. डोमाच्या हातातली कपबशी खाली पडली.

काठी टेकत तो निघाला. बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर चढला तेव्हा पलीकडच्या झाडांवर वानरं खेकसत होती. मग तीही एकदम गप्प झाली. मोहाखाली पंचफुलाची नुसती वाकलेली पाठ दिसत होती.

"उभी राय," तो जवळ येत म्हणाला.

"काहून जी?"

"उभी राय म्हनलं ना."

ती कंबर धरून उठली. डोमानं पाटीकडे पाहिलं. तव्याच्या बुडासारखी काजळली होती. दुपट्ट्यानं तो ती पुसू लागला.

"मीच धुपवली हे," तो म्हणाला. "आन् मीच तुले रोज धाडत होतो."

पंचफुला खाली बघत होती. राखेत तिच्या चपलांचे ताजे ठसे होते आणि त्यांच्यावर, त्यांच्याच मागं मागं, रुंद पंजे उमटले होते.

"टोपली राहू दे," डोमा म्हणाला.

"अर्धी भरली हाय जी."

"राहू दे."

ऊन पाटीवर आलं होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. डोमानं तिचा हात धरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत घराबाहेर त्यानं कधी तो धरला नव्हता. दोघं पायवाटेला लागली, तसा खिशातला मोबाइल थरथरला. डोमानं काढून बघितला. फोटोत ती दोघं होती, पाठमोरी.

बोडीच्या वळणावरून ती दोघं पुढं आली. मागं, कॅमेऱ्यासमोरच्या वाटेवर, आता माणूस कुणीच नव्हतं.

मोबाइल पुन्हा थरथरला. डोमानं तो खिशातून काढला नाही. पंचफुलाचा हात त्यानं घट्ट धरला आणि गुडघ्याची पर्वा न करता पाय उचलला.