सातवा रकाना रिकामा

या, बसा. उभ्यानं सौदा होत नाही, आणि उभ्यानं कुणाची कर्मकहाणीही ऐकू नये. मी फळा बोलतोय. काळा, सागवानी चौकटीचा, डाव्या कोपऱ्यात उंदरानं चव घेऊन सोडून दिलेला. शाळेतला वाटलो ना? सगळ्यांना तसंच वाटतं. पण माझं शिक्षण नागपुरातल्या कळमन्याच्या धान्यबाजारात झालं, आणि तेही कुणी न शिकवता.

मधुकरराव अडत्यांच्या दुकानाबाहेर मी टांगलेला असे. रंगाऱ्यानं माझ्यावर पांढऱ्या तैलरंगात सात रकाने आखले होते. तूर, हरभरा, सोयाबीन, गहू, धान, जवस आणि शेवटी मिरची. रेघा पक्क्या, आकडे खडूचे. माझं नशीब तेव्हाच ठरलं म्हणा ना : चौकट जन्माची, मजकूर दुपारपर्यंतचा.

मधुकररावांना रिकामा रकाना सहन होत नसे. रिकामा म्हणजे माल आला नाही, म्हणजे दुकानाची शोभा गेली. एकदा मिरचीची आवक नव्हती, तर त्यांनी तिथं 'रामराम' लिहून टाकलं. एका गिऱ्हाइकानं त्याचाही भाव विचारला.

माल पारखावा तर त्यांनीच. टोकदार नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा. झाला अख्ख्या पोत्याचा निकाल. माणसंही ते अशीच पारखत. एक प्रश्न खुपसायचा आणि उत्तर चावून पाहायचं.

पुढे भाव मोबाइलवर आले. माझ्याकडे मान वर करून बघणारी माणसं खाली मान घालून चालू लागली. मला उतरवून गोदामामागे ठेवलं. तिथं रिकामे बारदाने होते आणि एक मांजर होती. मांजरीला बाजारभावात रस नव्हता. उंदराचं ते कुरतडणं त्याच काळातलं. मांजर असूनही.

मग एके दिवशी मला टेम्पोत घालून मनीषनगरला आणलं. मधुकररावांची नात मिनल तिथल्या बाळवर्गात जायची आणि वर्गाला फळा हवा होता. वर्ग एस्तेरबाई अष्टमकरांचा. बाई बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं नागपुरात आले आणि उन्हाळे काढून काढून इथलेच झाले. आपल्या मुलांना आपले सण कळावेत, प्रार्थनेचे दोन शब्द तोंडी बसावेत म्हणून बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग काढला. पण त्यांच्या समाजाची घरं शहरात शोधावी लागतात. त्यांचा नातू योएल आणि आणखी दोघं सोडले, तर बाकी पोरं शेजारपाजारचीच.

दाराच्या चौकटीला तिथं एक छोटी तिरकी डबी ठोकलेली आहे. आत चर्मपत्रावर देवाची वचनं असतात. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. मधुकररावांनी पहिल्या दिवशी ती बेल समजून दोनदा दाबली आणि म्हणाले, लाइन गेली वाटते.

इथं आल्यावर मला पहिला धक्का बसला तो शनिवारचा. शनिवारी मला कुणी हात लावीना. बाईंचे पूर्वज कोकणात तेलाचा धंदा करत आणि शनिवारी, तो देवानं नेमलेला विश्रांतीचा दिवस म्हणून, घाणा बंद ठेवत. त्यावरून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मी बाजारातला. धंदा चालू असताना घाणा बंद ठेवणारी माणसं मी पाहिलीच नव्हती. दिवाळखोर असावीत असं वाटलं. पण त्यांचं तेल खपायचं म्हणे.

आता माझं काम ऐका. गुरुवारी पोरं घरी गेली की एस्तेरबाई आणि तरुण शिक्षिका वैभवी माझ्यासमोर बसून पुढच्या आठवड्याचं शिकवणं ठरवतात. कोणत्या दिवशी काय, कोणतं गाणं, माती भिजवायची की रंग काढायचे. वैभवी बालशिक्षणाचा कोर्स केलेली, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा हेतू तयार असतो. मुलांनी मातीचा गोळा कुठल्या हेतूनं दाबायचा हेही ती सांगते. गोळा मात्र योएलच्या खिशात सापडतो. कळमन्यात मी सकाळचे भाव दुपारी कोसळताना पाहिले होते. पण या दोघींची योजना सोमवारी पोरांनी चपला काढायच्या आतच गडगडते. तरी दर गुरुवारी त्या नव्या उमेदीनं बसतात. असे व्यापारी बाजारात टिकत नाहीत, वर्गात मात्र असेच लागतात.

अशाच एका गुरुवारची गोष्ट. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. बाईंच्या धर्मग्रंथाचं वाचन दरवर्षी याच सुमाराला पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. देवानं जग कसं केलं ते पान. पहिल्या दिवशी उजेड, मग आकाश, मग जमीन आणि झाडं, मग सूर्य-चंद्र-तारे, मग मासे आणि पाखरं, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस, सातव्या दिवशी विश्रांती. माझे सात रकाने बघून बाईंचे डोळे चमकले. जणू रंगाऱ्यानं त्यांच्यासाठीच आखले होते.

पण वर्ग भरतो सोमवार ते शुक्रवार. पाच दिवसांत सात दिवस कसे बसवायचे यावर दोघींची बरीच घासाघीस झाली. वैभवीनं तोडगा काढला. सोमवारी उजेड आणि आकाश एकत्र, गुरुवारी मासे, पाखरं, जनावरं, माणसं सगळी एकदम, आणि शुक्रवारी सातवा दिवस. मदतीला असणाऱ्या शोभाताई झाडू थांबवून ऐकत होत्या.

"देवाले सहा दिवस लागले," त्या म्हणाल्या, "अन् तुमी चारात उरकून राहिल्या. गुरुवारी मी येऊ का नको, ते आताच सांगा."

हसणं झालं, पण बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लवकर विझलं. कारण मधुकरराव त्याच सकाळी येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी चार महिने येते आहे, पण अजून तिला अ काढता येत नाही. मोठ्या शाळेची गाडी दारात येते, तिथं या वयाची पोरं पाटी भरून लिहितात. पुढच्या शुक्रवारी येऊन बघतो, म्हणाले. माल दिसला नाही तर दिवाळीनंतर मिनल मोठ्या शाळेत. आणि कॉलनीत मधुकररावांनी छत्री उघडली की बाकीचे पाऊस न बघता उघडतात. मिनल गेली की तिच्या इमारतीतली सगळी पोरं जाणार. उरणार योएल आणि दोघं. तिघांचा वर्ग चालत नाही.

वैभवी म्हणाली, आठवडाभर अ-आ घेऊ, जग नंतर करू. बाईंनी खडू उचलला. मग म्हणाल्या, जग आधी करू. अक्षरं ठेवायला तेवढी तरी जागा होईल. आणि त्यांनी सहा रकाने भरले, सातवा कोरा ठेवला. वैभवीनं तिथं निदान 'आराम' लिहू म्हटलं, पण बाईंनी मान हलवली. लिहिणं हेही कामच.

मला विचाराल तर मी हादरलो. मधुकरराव येणार, आणि त्यांच्याच फळ्यावर रिकामा रकाना.

आठवडा कसा गेला ते थोडक्यात सांगतो. सोमवारी पडदे ओढून काळोख केला आणि बाईंनी दिवा लावला. पोरं गप्प होतील असा हेतू होता. त्यांनी हॅपी बर्थडे म्हटलं. मंगळवारी वाटीत माती घालून मूग पेरले. मिनलनं आपले मूग तासातासाला उकरून पाहिले, उगवले का म्हणून. वैभवीनं समजावलं, शोभाताईंनी दटावलं. उपयोग शून्य. आजोबांची नात ती, पोत्यात नळी खुपसल्याशिवाय तिला चैन कसं पडेल? बुधवारी तारे चिकटवले, ते बहुतेक माझ्या अंगावर. गुरुवारी मासे, पाखरं, वाघ आणि माणसं एकाच खोलीत आली. योएल वाघ होता आणि त्यानं एका माशाला चावा घेतला. शोभाताई मात्र आल्या होत्या.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी दुपारी वर्गात शब्बाथची, म्हणजे त्या शनिवारच्या विश्रांतीची, रंगीत तालीम असते. खरा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो, तो बाईंच्या घरी. वर्गाचा शनिवार शुक्रवारी दुपारीच येतो. चटईवर पांढरं कापड, तेलाचा काचेचा दिवा, रुमालाखाली झाकलेले दोन पाव, भिजवलेल्या मनुकांचं सरबत. मुलगे डोक्यावर रुमाल बांधतात. एक मूल घरधनीण होतं, बाकी सगळे पाहुणे. त्या दिवशी घरधनीण मिनल होती. आणि दारापाशी एक टोपली असते. येणाऱ्या मोठ्या माणसानं फोन तिच्यात ठेवायचा.

मधुकरराव आले. डबीला आता ते नमस्कार करतात. आल्या आल्या त्यांची नजर माझ्यावर गेली आणि तिथंच अडकली. मग रुमालाकडे. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे.

"रुमालाखाली काय भाव चालू हाय, मॅडम?" त्यांनी हसत विचारलं. पण हात सवयीनं माझ्या कडेच्या खडूकडे गेला. "हा सातवा भरायचा राह्यला."

"राहू द्या," एस्तेरबाई म्हणाल्या. "तो तसाच आहे."

मधुकररावांनी नातीकडे मोर्चा वळवला. नळी खुपसली जाणार होती.

"काहून वं मिनल, आज काय शिकली?"

"काहीच नाही," मिनल म्हणाली.

वैभवीनं डोळे मिटले. बाई सरबताचा पेला हातात धरून तशाच उभ्या. मधुकररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं भिजलेल्या सोयाबीनकडे पाहतात.

"काहीच नाही करायचं, हेच शिकून राहिलो आमी," मिनल पुढे म्हणाली. "लय कठीण हाय आजोबा. तुमाले नाही जमनार."

व्यापाऱ्याला सगळं म्हणा, जमणार नाही एवढं म्हणू नका. मधुकररावांनी चप्पल काढली, फोन टोपलीत टाकला. टोपी डोक्यावर होतीच. भिंतीला टेकून मांडी घालून बसले. मिनलनं त्यांना सरबत दिलं, दिव्यावरून हात फिरवले, पाव वाटले. मग घोषणा केली की आता सगळ्यांनी नुसतं बसायचं.

फोन वाजला. दिवाळीआधीचा आठवडा, सोयाबीनची आवक जोरात, तो वाजणारच. मधुकररावांचा हात उठला.

"हारले तुमी," मिनल म्हणाली.

हात खाली आला. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मधुकरराव टोपलीकडे असे बघत होते, जणू आत कुणी गुदमरतंय. मग टोपलीकडे बघणं कमी झालं. मग डोळे मिटू लागले. मग मान कलली आणि घोरणं सुरू झालं.

आणि तुम्हाला सांगतो, त्या वर्गात मी पहिल्यांदा शांतता पाहिली. योएल वाघ असूनही ओठांवर बोट ठेवून बसला. एका पोरानं शिंक दाबली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. कुठल्याही गुरुवारी कुणाच्या योजनेत ते लिहिलेलं नव्हतं. वैभवी भिंतीकडे तोंड करून हसत होती. मला वाटतं थोडी रडतही होती, पण तेवढं माझ्या कोनातून दिसत नाही.

पालक मुलांना न्यायला येऊ लागले तेव्हा मधुकरराव दचकून जागे झाले. टोपलीतून फोन घेऊन घाईनं ओसरीवर गेले. बोलून परत आले तेव्हा चेहरा विचित्र होता, कुणीतरी अपमान केल्यासारखा.

"पडला का भाव?" बाईंनी विचारलं.

"पडला नाही, चढला नाही," ते म्हणाले. "माह्याशिवाय बजार चालूच होता."

त्यांनी माझ्या कडेचा खडू उचलला, सातव्या रकान्यासमोर उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, मला वाटलं आता रामराम लिहिणार. त्यांनी खडू बोटांत फिरवला आणि जागेवर ठेवून दिला.

"अ-आचं पाहा जरा," दाराशी ते बाईंना म्हणाले. व्यापारी माणूस, सौदा पूर्ण सोडत नाही. "पण पोरगी दिवाळीनंतर बी येईल. अन् हे शुक्रवारचं... किती वाजता बसता?"

लगेचच्या गुरुवारी नाही, पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत वैभवीनं मंगळवारच्या रकान्यात अ लिहिला. बाईंनी हरकत घेतली नाही. जग तोवर झालेलं होतं.

मुगाचं सांगायचं राहिलं. शनिवार-रविवार खोलीत मी एकटा. वाटीला कुणाचा हात नाही. सोमवारी मिनलनं दार उघडल्या उघडल्या वाटीकडे धाव घेतली, तर मातीतून दोन हिरवे कान वर आलेले. तिनं नख लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शोभाताई म्हणाल्या, आजोबाले दाखव, पण उकरून नको दाखवू.

आता माझी चौकट सैल झाली आहे. वैभवी पांढरा, गुळगुळीत, पेननं लिहायचा फळा आणायचं म्हणते. आणावा. मी कळमन्यातून एकदा उतरलो आहे, उतरण्याची मला सवय आहे. पण नव्याला एवढं सांगा की लिहिणारे हात उतावळे असतात, त्यांना सगळं भरायचं असतं आणि दुपारपर्यंत उगवलेलं हवं असतं. त्यानं निदान एक रकाना राखावा. शुक्रवारी दुपारी एक म्हातारा टोपली बघून निमूट फोन टाकतो आणि भिंतीला टेकतो. त्याच्यासमोर तेवढी जागा कोरी हवी.

बरं, या आता. तुमचा फोन दाराशी टोपलीत आहे. वाजत होता मघाशी. मी सांगितलं नाही.