आक्कांनी सांधलेलं हेल्मेट

आक्कांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेली वस्तू पुन्हा दुकानात परत आली, असं कधी झालं नव्हतं. हे त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या. फाटक्या बॅगा, उसवलेले पट्टे, जबडा उघडून बसलेले बूट, सगळं त्यांच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात यायचं आणि धड होऊन जायचं. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्या बोटाच्या पेराने तिच्यावर एक टिचकी ठोकत आणि कान देऊन ऐकत. ठणठणीत आवाज आला की म्हणत, "जा, घेऊन जा. हिला काही झालेलं नाही."

सून दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि कामाला सायकलने जायची. एका सकाळी उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं, त्यावर ती धडकली आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं. कोपर सोलवटलं, एवढंच. हेल्मेटवर मागच्या अंगाला नखाएवढा ओरखडा. पट्टा तेवढा तुटला.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," शेजारीण म्हणाली.

"आला होता ना? मग गेला कुठे, ते विचार त्याला," आक्का म्हणाल्या. सगळे हसले.

सून मात्र हेल्मेट घेऊन तशीच उभी होती. "आई, हे आता टाकायचं. एकदा आपटलं की संपलं त्याचं काम. मी नवं आणते."

"टाकायचं? ज्याने तुझं डोकं वाचवलं त्याला उकिरडा दाखवतेस? उद्या मलाही नेऊन टाकशील."

"तुला न्यायला चार माणसं लागतील," मुलगा आतून म्हणाला.

"तू तोंड आवर. तुझ्यापेक्षा हे हेल्मेट कामाला आलं."

"तसं नाही हो आई," सून म्हणाली. "वरून धड दिसणारं हाड आत चिरलेलं असतं. रोज बघते मी."

"हाडं तू बघ. वस्तू मला बघू दे."

 सुनेने हेल्मेट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

आक्कांनी जुना पट्टा काढून नवा लावला, मेणाच्या दुहेरी दोऱ्याने शिवला. आतली गादी सुटली होती. ती उचलून त्यांनी खालच्या थर्माकोलवर बूट चिकटवायचं सोल्यूशन ओतलं. हात राखून काम करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गादी दाबून बसवली, ओरखड्यावर काळं पॉलिश फिरवलं. हेल्मेट नव्याहून नवं दिसायला लागलं. मग पेराने ठोकलं.

टक.

आक्का समाधानाने उठल्या, तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला. टक.

वाकून बघितलं, काही नाही. म्हाताऱ्या कानांचे खेळ, असं म्हणून त्यांनी ते दाराजवळच्या खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवसापासून, घर रिकामं झालं की खुंटीकडून कुरकुर यायला लागली. कुणीतरी तोंड मिटून सावकाश कुरमुरे चावतंय तशी. उंदीर असेल म्हणून आक्कांनी कोपरे झाडले. उंदीर नव्हता. आणि मधूनच टकटक. दार वाजलं म्हणून उघडावं, तर बाहेर लख्ख ऊन आणि मोकळा रस्ता. परत वळून बघावं, तर मघाशी भिंतीकडे तोंड असलेलं हेल्मेट त्यांच्याकडे तोंड करून लटकलेलं.

"हेल्मेट कुणी फिरवलं रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"वारा असेल."

"वाऱ्याला हात असतात का?"

टकटकीचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आपण दुरुस्त केलेल्या वस्तूत खोट आहे असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. सून रोज ते डोक्यावर चढवायची आणि जायची, आणि कोपऱ्यावरून सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत आक्का हातातलं काम सोडून दाराकडे कान देऊन बसायच्या.

मग एक दिवस सून दारात उभी राहिली. हनुवटीखाली पट्टा अडकवला. "येते आई."

टक. टक.

आज आवाज खुंटीवरून आला नाही. सुनेच्या डोक्यावरून आला. घरात माणसं आहेत हे ठाऊक असलेला पाहुणा ठोकतो, तसा निवांत. सुनेला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती हसत होती.

"काढ ते," आक्का म्हणाल्या.

"आता? अहो, उशीर होतोय."

"काढ म्हणते ना!"

सुनेने पट्ट्याची कडी दाबली. सुटेना. पुन्हा दाबली. आक्कांनी कात्री आणली आणि आपलीच शिवण कापायला घेतली. मेणाचा दुहेरी दोरा, आक्कांच्या हातचा. तो काय सहजासहजी तुटतोय! शेवटचा टाका तुटला तसं हेल्मेट धपकन त्यांच्या हातात पडलं. त्यांनी गादी उपटली.

खाली पांढरा जाड थर्माकोल असायला हवा होता. तिथे काहीच नव्हतं. आक्कांची अख्खी मूठ आत गेली. वर नुसतं टरफल उरलं होतं, आणि आतली पोकळी गुळगुळीत, गोल. कुणीतरी लहानसं डोकं टेकवून बरेच दिवस झोपलं असावं, तशी. आक्कांना ती जागा कोमट लागली.

"हे कुणी खाल्लं हो आई?" सुनेने आत बोट फिरवून विचारलं.

"माझ्या सोल्यूशनने. थर्माकोल विरघळतो त्यात," आक्का म्हणाल्या. जन्मात असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "निम्मं तरी."

त्या दिवशी सून बसने गेली आणि येताना नवं हेल्मेट घेऊन आली. जुन्याचे आक्कांनी बुटाचे तळ कापायच्या सुरीने तुकडे केले, उद्या कुणी उचलून डोक्यावर घालायला नको म्हणून, आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकले. सकाळी सुनेला खाली वाकायला लावून त्यांनी नव्यावर पेर ठोकलं. टक. कान देऊन ऐकलं. दुसरा आवाज आला नाही.

"झालं समाधान?"

"झालं. जा, सावकाश जा."

कोपऱ्यावर घंटी वाजली. आक्का शिलाई मशीनवर बसल्या. दुपार तापली, गल्ली सामसूम झाली.

टक. टक.

खुंटी रिकामी होती. आवाज तिथूनच येत होता. आलेला काळ गेला कुठे, ते आता आक्कांना कळलं. आक्कांनी पायाखालचं मशीन थांबवलं.

"सून घरात नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "आणि तुला ती मिळायचीही नाही. काय काम असेल ते मला सांग."

टकटक थांबली. कुणीतरी विचारात पडावं, तशी. मग कुरकुर सुरू झाली, अगदी हळू, पण ती खुंटीकडून नव्हती. अगदी जवळून, कानाच्या आतून होती.

आक्कांनी हात वर नेला आणि सवयीप्रमाणे बोटाचं पेर आपल्याच कपाळावर ठोकलं.

एकदा वाजलं. त्या कान देऊन बसून राहिल्या, दुसऱ्या आवाजाची वाट बघत.